पांगुळगाडा आणि प्रयोजक क्रियापद

१

मूल चालावयास शिकू लागले म्हणजे त्याच्या हाती जो तीन चाकांचा लाकडी गाडा देण्याची मराठी घरांतून रीत आहे, त्याला ‘पांगुळगाडा’ असे म्हणतात. हा शब्द लक्ष देण्याजोगा आहे. ‘पांगुळ’ म्हणजे ज्याचे पाय चालत नाहीत असा. आणि तरीही त्याच्या नावाचा हा गाडा धडधाकट मुलाच्या हाती दिला जातो. प्रत्येक मनुष्य आयुष्यात एकदा तरी पांगुळ असतोच, आणि त्या अवस्थेतून पुढे जाण्यासाठी साधनाचा आधार घेण्यात काही उणेपणा नाही, ही समजूत ह्या शब्दाच्या मुळाशी आहे. दुसरी गोष्ट अशी की, ह्या गाड्यात मूल बसत नाही. ते त्याच्या मागे उभे राहते, आडवा दांडा धरते आणि गाडा पुढे ढकलते. गाडा मुलाला नेत नाही. मूल गाड्याला नेते. साधन मुलाच्या कामाचे, पण कर्ता मूलच.

साधन आणि कर्ता यांच्यातील हा संबंध दिव्यांग बालकाच्या बाबतीत मराठी भाषेने आणि मराठी साहित्याने कितपत राखला आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. शारीरिक वा बौद्धिक उणीव असलेल्या लहान मुलाला आपली कामे आपण करता यावीत, आणि स्वतःविषयीचे लहानमोठे निर्णय घेता यावेत, ह्यासाठी काय करावे याविषयी वैद्यकात व शिक्षणशास्त्रात पुष्कळ लेखन झाले आहे. ते येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. ह्या मुलाविषयी जे बोलले आणि लिहिले जाते, त्यातील वाक्यांचा कर्ता कोण असतो, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

उदाहरणांचे क्षेत्र मुख्यतः अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, हे आहे. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली ते ह्या जिल्ह्यात आहे, ज्या जामखेडात ग्रामीण आरोग्याचा एक नवा विचार १९७० पासून आकारास आला तेही ह्याच जिल्ह्यात आहे, आणि पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे, जेथे ह्या प्रश्नाची खरी कसोटी लागते, तीही येथलीच.

२

मराठीतील प्रयोजक क्रियापदांचा बराच मोठा भाग बालसंगोपनाच्या शब्दसंग्रहात सापडतो. मूल पिते, आई पाजते. मूल जेवते, आई भरविते किंवा जेवू घालते. मूल निजते, आई निजविते. मूल न्हाते, आई त्याला न्हाऊ घालते. मूल शिकते, आई शिकविते. प्रत्येक जोडीतील पहिल्या क्रियापदाचा कर्ता मूल आहे, दुसऱ्याचा मोठे माणूस. ह्या दुसऱ्या क्रियापदांत दोष काढण्यासारखे काही नाही. किंबहुना मराठीतील वात्सल्याचा फार मोठा साठा ह्याच क्रियापदांत आहे.

सामान्य मुलाच्या बाबतीत ही क्रियापदे यथाकाल मागे पडतात. ‘भरवू नको, मी खातो’ असे मूल एके दिवशी म्हणते, ताटाबाहेर भात सांडते, आणि घरातील माणसे त्याचे कौतुक करतात. मात्र मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्याचे हात ताब्यात राहत नाहीत, किंवा ज्याला गोष्टी उशिरा समजतात, अशा मुलाच्या घरी हे संक्रमण लांबते आणि पुष्कळदा होतच नाही. ‘आम्ही त्याला उठवतो, बसवतो, भरवतो, फिरवून आणतो’ असे वाक्य अशा घरांतून ऐकू येते. क्रियापदे चार आणि चारांचाही कर्ता ‘आम्ही’. मुलाच्या वाट्यास येते ते केवळ ‘त्याला’ हे कर्माचे स्थान. वाक्य प्रेमाचे आहे, आणि ते बोलणाराच्या कष्टांविषयी शंका घेता येणार नाही; परंतु मूल त्यात काहीच करीत नाही.

येथे मराठी व्याकरणातील एका विशेषाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘त्याला’ हे रूप मराठीत केवळ कर्माचे नाही. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) मराठी व्याकरणकार ‘शक्य क्रियापद’ असा एक वर्ग मानीत आले आहेत. ‘मला चालवते’, ‘तिला आता बसवते’, ‘आजोबांना जिना चढवत नाही’ ही त्याची उदाहरणे. अशा वाक्यात ज्याच्या ठायी शक्ती आहे किंवा नाही, तो ‘ला’ प्रत्यय घेऊन येतो. ‘माझ्याने’, ‘त्याच्याने’ अशीही रूपे चालतात. आता पुढील दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत.

आई त्याला चालवते.
त्याला चालवते.

क्रियापदाचे रूप एकच आहे. ‘व’ हा प्रत्यय दोहोंतही आहे. ‘त्याला’ हे पदही दोहोंत आहे. परंतु पहिल्या वाक्याचा अर्थ, आई त्याच्याकडून चालण्याची क्रिया करविते. आणि दुसऱ्याचा अर्थ, त्याच्या अंगी चालण्याची शक्ती आहे. १९६२ च्या लेखननियमांपूर्वी दुसऱ्या वाक्यातील नपुंसकलिंगी रूपावर अनुस्वार देत असत, त्यामुळे डोळ्यांना तरी भेद दिसे. लेखी भाषेत पहिल्या ठिकाणी ‘चालविते’ असे लिहून आजही तो राखता येतो. बोलण्यात मात्र हा भेद एकाच गोष्टीवर अवलंबून राहतो : ‘आई’ हे पद वाक्यात आहे की नाही. ते बाजूला झाले की उरलेल्या शब्दांतील एकही न बदलता, जो कर्म होता तो शक्तीचा धनी होतो.

ह्या दोन टोकांच्या मधली पायरीही मराठीत आहे. ‘चालू देणे’, ‘खाऊ देणे’, ‘करू देणे’ ह्या संयुक्त क्रियापदांत ‘देणे’ मोठ्या माणसाचे असते, परंतु ‘चालणे’, ‘खाणे’, ‘करणे’ ही क्रिया मुलाचीच राहते. भरविणे, खाऊ देणे, खाववणे आणि खाणे अशा ह्या चार पायऱ्या आहेत. भाषा माणसाचे वागणे घडविते असा दावा येथे करावयाचा नाही. एखाद्या घराने आपल्या बोलण्यातील क्रियापदे बदलली म्हणून मुलाच्या हाताला बळ येत नाही. परंतु भाषा वागण्याची नोंद ठेवते. घरात, अंगणवाडीत आणि दवाखान्यात एखाद्या मुलाविषयी वर्षानुवर्षे पहिल्याच पायरीची क्रियापदे ऐकू येत असतील, तर त्याला दुसऱ्या पायरीवर कोणी येऊ दिलेले नाही, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

३

मराठी साहित्याच्या प्राचीन परंपरेत पांगुळ, आंधळा, बहिरा आणि मुका ही माणसे पुष्कळ भेटतात. ज्ञानदेवांच्या नावावरील अभंगगाथेत पांगुळाची रूपके आहेत. नेवाशाहून दूर नसलेल्या पैठणच्या एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका व पांगुळ ही सोंगे स्वतंत्रपणे येतात. ह्या रचनांतील अपंगत्व हे रूपक आहे. आंधळा म्हणजे अज्ञानी जीव, बहिरा म्हणजे उपदेश न ऐकणारा, पांगुळ म्हणजे परमार्थाची वाट न चालणारा. लोकजीवनातही ‘पांगुळ’ ह्या नावाने पहाटे दान मागत फिरणारा एक भिक्षेकरी वर्ग होता. म्हणजे हा शब्द एकीकडे रूपक झाला आणि दुसरीकडे याचक. गीताध्यानाच्या ज्या प्रसिद्ध श्लोकात ईश्वरी कृपा मुक्याला वाचा देते आणि पंगूकडून पर्वत ओलांडविते, त्यातही पंगूच्या वाट्याचे क्रियापद प्रयोजकच आहे.

संतांनी अपंग माणसावर अन्याय केला असा ह्याचा अर्थ नव्हे. रूपकाचा हेतू वेगळा, आणि त्याचे मूल्यमापन त्या हेतूनेच केले पाहिजे. परंतु रूपकाची एक किंमत असते. जो शब्द शतकानुशतके दुसऱ्याच कशाचे तरी चिन्ह म्हणून वापरला जातो, त्या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या प्रत्यक्ष माणसाकडे पाहण्याची सवय भाषेला राहत नाही. म्हणींनी हे काम आणखी पुढे नेले. ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ ह्या म्हणीत आंधळे माणूस दळत आहे, म्हणजे खरोखर काम करीत आहे, ही गोष्ट कोणाच्याही लक्षात येत नाही. म्हणीचा रोख त्याचे काम फुकट जाण्यावर आहे. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ ह्या म्हणीत शहाणपणही तुलनेने, म्हणजे जवळजवळ उपहासानेच, पदरात पडते.

ह्या परंपरेत एक स्थळ मात्र निराळे आहे, आणि ते नेवाशातच रचले गेले. ‘ज्ञानेश्वरी’च्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांशी सलगी करताना ज्ञानदेव बालकाचा दृष्टान्त देतात. मुलाचे बोल बोबडे असतात, पाऊल वाकडेतिकडे पडते, आणि आई त्याचेच नवल करून रिझते, असा त्याचा आशय आहे. हा दृष्टान्त कोणा अपंग मुलाचा नाही. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. येथे आई बोल सुधारीत नाही, पाऊल सरळ करीत नाही, मुलाला उचलून कडेवरही घेत नाही. बोबडे असले तरी बोलणे मुलाचे आहे, आणि वाकडे असले तरी पाऊल मुलाचे आहे. आई केवळ पाहते आणि आनंदते. वाकड्या पावलाला पाऊल मानणारी ही दृष्टी मराठीत इतक्या आरंभीच उपलब्ध होती. ती ज्याचे पाऊल आयुष्यभर वाकडेच पडणार आहे अशा मुलापर्यंत का पोहोचली नाही, हा प्रश्न मराठी समीक्षेने विचारावयास हवा होता.

४

आधुनिक काळात हा विषय रूपकाच्या कक्षेतून बाहेर आला आणि कुटुंबकथेच्या कक्षेत शिरला. जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ ह्या नाटकात मतिमंद मुलगा आहे, पण नाटकाचा भार त्याच्या आईवडिलांच्या मनोव्यथेवर आहे. शीर्षकही मुलाचे नसून नात्यांचे आहे. ‘चौकट राजा’ (१९९१) ह्या चित्रपटाने मतिमंद प्रौढाला मध्यभागी आणले, आणि दिलीप प्रभावळकरांच्या अभिनयामुळे तो प्रेक्षकांच्या स्मरणात राहिला. तरी तेथेही प्रेक्षकाचे अश्रू हेच यशाचे माप राहिले. करुण रसाचा आलंबन विभाव म्हणून दिव्यांग व्यक्ती येथे उभी असते. आलंबनाने काही करावयाचे नसते. त्याच्यामुळे इतरांना काही व्हावयाचे असते.

ह्या दृष्टीने संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) हा चित्रपट अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या ह्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोकणातील एका लहान मुलाच्या डोळ्यांत कर्करोग असतो. जीव वाचवावयाचा तर शस्त्रक्रिया केली पाहिजे, आणि शस्त्रक्रियेनंतर दृष्टी राहणार नाही. आजोबा त्याला शहरात घेऊन आले आहेत. येथे डॉक्टर असा आग्रह धरतो की, जे होणार आहे ते मुलाला आधी सांगितले पाहिजे. शरीर मुलाचे, डोळे मुलाचे. मग त्याच्या अजाणतेपणी ते काढून घेता येणार नाहीत. दिव्यांगत्वाच्या उंबरठ्यावरील बालकाला आपल्याविषयी जाणण्याचा हक्क आहे, हे सूत्र कथानकाच्या मध्यभागी ठेवणे हा ‘श्वास’चा मोठाच विशेष होय.

परंतु हे सूत्र अर्ध्यावर थांबते. सांगावे कोणी, कसे, आणि सांगताना मोठ्यांच्या जिवाचे काय होते, ह्यांतच कथेची शक्ती खर्च होते. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा मुलाला रुग्णालयातून बाहेर नेतात आणि डोळे भरून शहर दाखवितात. हा भाग हृदयस्पर्शी आहे. ‘दाखविणे’ हे क्रियापद मात्र पुन्हा प्रयोजक आहे. शेवटच्या दिवशी काय पाहावे हे ठरविणारा प्रेम करणारा आजोबा आहे. नातू त्याच्या प्रेमाचा विषय आहे. चित्रपट गावी परतण्यापाशी संपतो. ज्या दिवसापासून ह्या मुलाला विहिरीची वाट पायांनी ओळखावी लागेल, अंगरख्याची सुलटी बाजू हातांनी शोधावी लागेल, त्या दिवसाचे चित्रण त्यात नाही. एका कलाकृतीने सर्वच सांगावे अशी अपेक्षा नाही. पण मराठी कथा पुन्हा पुन्हा आघातापाशीच का थांबते आणि त्यानंतरच्या मंगळवार-बुधवारपर्यंत का जात नाही, याचे उत्तर करुण रसाच्या ह्या ओढीत आहे.

आत्मचरित्रात स्थिती बदलते. नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ ह्या पुस्तकात अपंग व्यक्ती स्वतः बोलते, आणि त्याबरोबर वाक्यांचा कर्ताही बदलतो. प्रथमपुरुषी लेखनाचा हा व्याकरणसिद्ध लाभ आहे. तथापि तीन वर्षांचे मूल आत्मचरित्र लिहीत नाही. त्याचा प्रथम पुरुष कोणीतरी ऐकून घ्यावा लागतो, आणि तोही बहुधा शब्दांवाचून.

५

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘स्वावलंबन’ आणि ‘स्वनिर्णय’ हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. महाराष्ट्रात पहिल्या शब्दाला फार मोठी प्रतिष्ठा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने स्वावलंबी शिक्षण हे आपले ब्रीद मानले, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक गावांत ह्या संस्थेच्या शाळांतूनच पहिली शिकलेली पिढी निघाली. स्वावलंबनाच्या ह्या आदर्शाचे ऋण कोणी नाकारणार नाही. परंतु दिव्यांग बालकाला तो जसाच्या तसा लावला, तर त्यातून एक क्रूर माप तयार होते. ज्याला दुसऱ्याची मदत लागत नाही तो स्वावलंबी, असे म्हटले की ज्याला ती आयुष्यभर लागणार आहे तो मूल प्रथमच नापास होतो. ‘कुबड्या घेणे’ हा वाक्प्रचार मराठीत निंदेचा झाला आहे, तो ह्याच मापामुळे.

स्वनिर्णयाचे माप वेगळे आहे, आणि त्यालाही मराठी व्याकरणात आधार आहे. ‘मला चालवते’ ह्या वाक्यातील ‘मला’ हेच पद ‘मला हवे’, ‘मला नको’, ‘मला आवडते’, ‘मला वाटते’, ‘मला जायचे आहे’ ह्या वाक्यांतही येते. शक्ती, इच्छा, आवड आणि मत ह्या चारांचाही धनी मराठीत एकाच विभक्तीत उभा राहतो. म्हणून ‘मला चालवत नाही’ असे म्हणणारे मूल त्याच श्वासात ‘मला जत्रेला जायचे आहे’ असे म्हणू शकते. पहिल्या वाक्यातील नकाराने दुसऱ्या वाक्यातील अधिकार जात नाही. त्याला उचलून न्यावे लागेल. पण कोठे न्यावे हे त्याला विचारता येईल. सदऱ्याची गुंडी त्याला लावता येणार नाही. पण निळा सदरा की पिवळा, हे तो डोळ्यांनी सांगू शकेल.

ह्या अधिकाराचा पहिला उच्चार बहुधा नकाराचा असतो. लोइस ब्लूम ह्या संशोधिकेने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांच्या नकाराचे तीन अर्थ वेगळे केले : वस्तू नसणे, वस्तू नाकारणे, आणि विधान खोडून काढणे. इंग्रजी मुलाला आरंभी ह्या तिन्हींसाठी जवळजवळ एकाच शब्दावर भागवावे लागते. मराठीत ‘नाही’, ‘नको’ आणि ‘नव्हे’ असे तीन शब्द ह्या तीन अर्थांना स्थूलमानाने जुळतात. त्यांपैकी ‘नव्हे’ बोलण्यातून मागे पडत आहे, पण ‘नको’ भक्कम आहे. केवळ इच्छेविरुद्धच्या नकारासाठी स्वतंत्र शब्द असणे ही मराठी मुलाची मोठी सोय आहे.

दिव्यांग मुलाचा ‘नको’ मात्र सहसा ऐकला जात नाही. ओठ मिटून घेणे, मान फिरविणे, अंग ताठ करणे, रडणे ह्या त्याच्या ‘नको’ म्हणण्याच्या रीती असतात; आणि घरात त्यांना हट्ट म्हणतात, दवाखान्यात लक्षण म्हणतात. दोन्ही ठिकाणी वाक्याचे लक्षणात रूपांतर होते. घास पुढे आला असता मान फिरविणाऱ्या मुलाला ‘नको का? बरं, मग थोड्या वेळाने’ एवढे उत्तर मिळाले, तर त्याच्या हालचालीला शब्दाचा दर्जा मिळतो. दोन वस्तू समोर धरून नजर कोणत्या वस्तूवर स्थिरावते ते पाहणे, चित्रांच्या फळीवर बोट ठेवू देणे, ‘हो’ आणि ‘नको’ यांसाठी दोन ठरावीक खुणा घरातील सर्वांनी पाळणे, ही साधने अगदी साधी आहेत. त्यांचे तत्त्व पांगुळगाड्याचेच आहे. साधन मोठ्यांनी द्यावे; ढकलावे मुलाने.

बहिऱ्या मुलाच्या बाबतीत ह्या प्रश्नाला आणखी तीव्र रूप येते. ‘मूकबधिर’ ह्या समासाने बहिरेपणाबरोबर मुकेपणा गृहीत धरला आहे. वस्तुतः बहिऱ्या मुलाला खुणांची भाषा वेळेवर मिळाली तर ते मुके राहत नाही, आणि खुणांच्या भाषांना स्वतःचे पूर्ण व्याकरण असते हे भाषाविज्ञानाने आता निश्चित केले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय सांकेतिक भाषेच्या प्रमाणीकरणाची शिफारस केली आहे. परंतु पहिली पाच वर्षे कोणतीही भाषा न मिळता गेली, तर मुलाजवळ ‘नको’ हा भाव असतो आणि तो सांगण्याचे साधन नसते. स्वनिर्णयाचा प्रश्न येथे सरळ भाषासंपादनाचा प्रश्न होतो.

६

शासनाच्या परिभाषेत गेल्या तीन दशकांत नामे अनेकदा बदलली. १९९५ चा कायदा ‘अपंग व्यक्तीं’चा होता. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला, आणि २०१६ चा हक्कांचा कायदा मराठीत त्याच शब्दाने ओळखला जातो. २०२२ साली महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग झाला. नवा शब्द अधिक आदराचा आहे असे काहींचे मत आहे. तो उणिवेवर दैवी आवरण घालतो असे इतरांचे म्हणणे आहे. ह्या वादात दोन्ही पक्षांचे लक्ष नामावर आहे. क्रियापदांकडे पाहिले तर फरक आढळत नाही. साहित्याचे ‘वाटप करण्यात आले’, लाभार्थ्यांची ‘निवड करण्यात आली’, बालकांना ‘लाभ देण्यात आला’ : कर्मणी रचनेतील ही वाक्ये जुन्या नावाखाली जशी होती तशीच नव्या नावाखाली आहेत.

ह्याला अपवाद मूळ कायद्यातच आहे, हे विशेष. २०१६ च्या कायद्याच्या ४ थ्या कलमात दिव्यांग बालकांना त्यांच्याशी संबंधित सर्व बाबींत आपली मते इतरांच्या बरोबरीने मोकळेपणी मांडण्याचा हक्क असल्याचे म्हटले आहे, आणि त्यासाठी वय व दिव्यांगत्व ध्यानात घेऊन साहाय्य देण्याची जबाबदारीही सांगितली आहे. येथे मूल कर्ता आहे. परंतु त्याच कायद्याच्या ३१ व्या कलमातील मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. ‘नको’ म्हणावयास शिकण्याची वर्षे त्याआधीची आहेत. ती वर्षे अंगणवाडीची. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने अंगणवाडीतील दिव्यांग बालकांसाठी कार्यपद्धती जाहीर केली, तीत लवकर तपासणी, अंगणवाडीतच समावेश आणि पुढील सेवांकडे पाठवणी यांवर भर आहे. ही पोकळी त्यामुळे काही अंशी भरली आहे.

अंगणवाडीच्या संदर्भात एका विसंगतीची नोंद करणे अगत्याचे आहे. मारिया माँतेसोरी यांची पद्धती प्रथम रोममधील बौद्धिक उणीव असलेल्या मुलांबरोबर घडली, आणि १९०७ च्या बालगृहात ती इतर मुलांसाठी वापरली गेली. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला केलेल्या कामातून ती मराठीत आणली, आणि बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या सोबतीने तिला गरिबाच्या अंगणात उतरविले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने पुढे अंगणवाडी देशभर नेली. मुलाने स्वतःच्या हाताने गुंडी लावावी, पाणी ओतावे, ताटली उचलावी ही शिकवण अशा रीतीने मुळात अपंग मुलांसाठी जन्मली, सर्व मुलांची झाली, आणि अपंग मूल मात्र त्या वर्गाबाहेर राहिले.

जामखेडचे उदाहरण येथे उपयोगी पडते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातील, बहुधा निरक्षर, स्त्रियांनाच आरोग्याचे काम शिकवून त्यांच्या हाती ते सोपविणे हे त्याचे सूत्र होते. १९७९ मध्ये ह्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पात कृत्रिम अवयवांची कार्यशाळाही उभी राहिली आणि तेथे ‘जयपूर पाय’ बनू लागला. ह्या पायाची रचना मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. पाश्चात्य धर्तीचा कृत्रिम पाय बूट घालून सपाट रस्त्यावर चालण्यासाठी होता. जयपूरला प्रमोद करण सेठी व रामचंद्र शर्मा यांनी घडविलेल्या पायाने उकिडवे बसता येते, मांडी घालता येते, अनवाणी शेतात चालता येते. म्हणजे साधन बनविताना ते वापरणाऱ्याची क्रियापदे आधी मोजली गेली. दिव्यांग बालकासाठी जे काही केले जाते, मग ते यंत्र असो, पाठ असो वा शब्द असो, त्याला हीच कसोटी लावता येईल : ह्यामुळे मुलाच्या वाट्यास कोणते क्रियापद आले?

तथापि ह्या विचारावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो ऊसतोडीच्या फडावरून येतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड ह्या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटे तोड सुरू, रात्री गाडी भरणे. दिव्यांग मूल बरोबर असेल तर कोपीत, मागे ठेवले असेल तर म्हाताऱ्या आजीजवळ. मुलाला आपल्या हाताने भाकर खाऊ द्यावयाची तर अर्धा तास लागतो. भरविली तर पाच मिनिटे. प्रयोजक क्रियापद हे अशा घरी अज्ञानाचे लक्षण नसून वेळेच्या टंचाईचे आहे. स्वनिर्णयाचा उपदेश त्या आईला करणे म्हणजे तिच्या ओझ्यात भर घालणे होय, असे कोणी म्हटल्यास ते खोटे ठरविता येणार नाही.

ह्या आक्षेपाने सिद्धान्त पडत नाही, पण त्याची मर्यादा आणि जबाबदारी निश्चित होते. स्वावलंबनाला वेळ लागतो. निवडीला फारसा लागत नाही. भाकर भरवावी लागली तरी आधी भाजी की आधी गूळ, हे विचारावयास श्वासभर अवकाश पुरतो. जो वेळ आईजवळ नाही तो अंगणवाडीने द्यावा, आणि कुटुंब फडावर गेले असता तेथेही ती सोय मुलामागे जावी, ही मागणी मग आईकडे न वळता व्यवस्थेकडे वळते. ‘आई’ हे पद वाक्यातून बाजूला काढावयाचे म्हणजे आईला दोष द्यावयाचा नव्हे. तिच्या एकटीवर पडलेले कर्तृत्व वाटून घ्यावयाचे.

७

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा की, दिव्यांग बालकाच्या स्वातंत्र्याची भाषा मराठीला परक्या ठिकाणाहून आणावी लागणार नाही. शक्य क्रियापद, ‘करू देणे’ ही रचना, ‘मला’ ह्या पदाची व्याप्ती, आणि ‘नको’ हा शब्द ही तिची सामग्री भाषेत आधीपासून आहे. उणीव आहे ती ह्या सामग्रीच्या वाटपात. इतर मुलांना ती आपोआप मिळते. दिव्यांग मुलाच्या वाट्यास प्रयोजक आणि कर्मणी रचना येतात, आणि साहित्यात रूपक किंवा करुण रस येतो.

अभ्यासाच्या दृष्टीने पुढील दिशा त्यामुळे स्पष्ट होते. दिव्यांग मुले असलेल्या घरांतील व अंगणवाड्यांतील प्रत्यक्ष संभाषणे मिळवून त्यांतील क्रियापदांची आणि कर्त्यांची गणना करणे, मुलांच्या निःशब्द नकारांची नोंद करणे, आणि मुलासमक्ष मुलाविषयी तृतीय पुरुषात किती वेळा बोलले जाते हे पाहणे, ही कामे मराठी विभागांच्या आवाक्यातील आहेत. ‘ह्याला काय हवं?’ असे पाहुणा आईला विचारतो, तेव्हा मूल तेथेच बसलेले असते. तो प्रश्न त्याच्याकडे वळवून ‘तुला काय हवं?’ असा करावयास एकाच सर्वनामाचा बदल पुरतो. आणि उत्तर येईपर्यंत थांबावे लागते.